भरल्या ताटावरचा उपवास



या सभागृहात येताना मी मागच्या टेबलापाशी जरा रेंगाळले. तिथं चहाचे दोन थर्मास ठेवलेत. एकावर चिठ्ठी आहे 'साखर', दुसऱ्यावर 'बिनसाखर'. बिनसाखरेचा थर्मास तिरका करून शेवटचा चहा पेल्यात पाडणं चाललं होतं आणि साखरेचा जवळजवळ भरलेला होता. आमच्या लहानपणी लग्नाच्या पंगतीत एखादेच आजोबा 'मला जिलबी नको' म्हणायचे आणि अख्खी पंगत त्यांच्याकडे वळून बघायची. आज हात वर करा म्हटलं तर इथं किती हात वर होतील? नाही, म्हणत नाही. घाबरू नका.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो, त्या सरांनी आम्हाला नववीत विज्ञान शिकवलं. एके दिवशी ते डब्यातली पोळी घेऊन वर्गात आले. प्रत्येकाच्या हातावर एक एक तुकडा ठेवला आणि म्हणाले, चावा, पण गिळू नका. आम्ही चावत बसलो. मुली हसतायत, मुलं चोरून गिळतायत. दोनेक मिनिटांनी तोंडात काहीतरी गोडसर लागायला लागलं. पोळीत साखर घातलेली नव्हती. मग सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : विकर. तुम्ही त्याला एन्झाइम म्हणता, मीही तीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन शिकवताना तेच म्हणत आले. लाळेतलं एक विकर पिठातला स्टार्च तोडतं, त्यातून साखर सुटते. हेच काम विकराशिवाय करायचं तर आम्ल घालून उकळत बसावं लागेल. तोंडात ते सदतीस अंशांवर, गप्पा मारता मारता होतं.

आज मी बोलणार आहे ते याच विकरांबद्दल. मधुमेहात त्यांचं काय होतं, याबद्दल. तुम्ही म्हणाल, मधुमेह म्हणजे शुगर वाढणं, त्यात विकरांचा काय संबंध? मला सांगायचंय ते नेमकं इथूनच सुरू होतं. शुगर वाढणं ही त्या आजाराची पाटी आहे. दुकान आत आहे. आणि त्या दुकानात चालतो तो उपवास. रक्तात रेलचेल, आणि पेशी मात्र अशी वागते की जणू चार दिवस पोटात अन्नाचा कण नाही. आपल्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणतात. मधुमेही शरीरात या म्हणीची दोन्ही टोकं एकाच वेळी खरी असतात.

आधी एक हिशेब. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं तरी किती? साधारण पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा. पाच लिटर रक्तात एक चमचा! शुगर दोनशे झाली म्हणजे एकाचे दोन चमचे झाले. एवढ्याशा चमच्यासाठी डोळे, मूत्रपिंडं आणि पाय पणाला लागतात, आणि तो एक चमचा एकच राहावा म्हणून शरीर चोवीस तास राबत असतं.

ते राबणं चालतं कशावर? एटीपी नावाच्या एका रेणूवर. हा रेणू १९२९ साली जर्मनीत लोमान यांना सापडला आणि त्याच साली अमेरिकेत हार्वर्डमध्ये फिस्क आणि आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनाही. स्नायू आखडतो, हृदय ठोका देतं, तुम्ही मघाशी जिना चढून आलात, ते सगळं एटीपीवर. गंमत अशी की शरीरात कुठल्याही क्षणी त्याचा साठा असतो फार तर शंभरेक ग्रॅम, पण दिवसभरात तो मोडून पुन्हा जोडला जातो साधारण आपल्या वजनाइतका. हातावर पोट असलेल्या माणसासारखा हा संसार. रोज कमवायचं, रोज खायचं, उद्यासाठी शिल्लक नाही.

हे कमवण्याचं काम पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये चालतं. शाळेत तुम्ही 'पेशीचं ऊर्जाकेंद्र' म्हणून पाठ केलंय, एका मार्कासाठी. तिथं विकरांची एक रांग आहे. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातात, विहिरीवरून घागरी पोचवाव्यात तसे, आणि शेवटी ऑक्सिजनच्या हाती पडतात. या रांगेतला एक घागर पोचवणारा आहे सायटोक्रोम सी. आणि इथं मला आपल्या एका बाईंची आठवण काढल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. जन्म १९११. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. दुर्गाबाई आपण सगळे वाचतो, कमलाबाईंचं नाव मात्र बऱ्याच जणांना गूगलनं २०२३ साली चित्र लावलं तेव्हा कळलं. असो. मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकानं मिळवून त्या बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी 'मुलगी आहे' म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी ठिय्या दिला. अखेर प्रवेश मिळाला तो एक वर्षाच्या परीक्षेवर, आणि त्यांच्यामुळे इतरांचं लक्ष विचलित होता कामा नये अशा अटीवर! पुढं त्या केंब्रिजला गेल्या, हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात. तिथं बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं, म्हणजे बटाटा आणि आपण एकाच पद्धतीनं श्वास घेतो. १९३९ साली पीएच.डी. मिळाली. प्रबंध किती पानांचा? चाळीस. आमच्या विद्यार्थ्यांची नुसती प्रस्तावना तेवढी असते.

नंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या, नीरा आणि कडधान्यं यांवर काम केलं, गोरेगावच्या आरे दूध प्रकल्पाला दर्जाबाबत सल्ला दिला. उपनगरांतल्या ज्या पिढीनं आरेच्या बाटलीतलं दूध प्यायलं, तिच्याशी त्यांचं असंही नातं आहे. मी त्यांचं नाव काढलं ते अभिमानानं काढलंच, पण कामासाठीही काढलं. सायटोक्रोम सी ज्या रांगेत उभं आहे, ती रांग मधुमेहात तुंबते. त्याकडे येतेच. आधी त्या रांगेपर्यंत साखर पोचते कशी ते पाहू. माझ्या व्याख्यानाचा गाभा तिथं आहे.

जेवल्यावर रक्तातलं ग्लुकोज पेशीत शिरतं. स्नायूच्या पेशीला त्यासाठी इन्सुलिनची सूचना लागते, मग आत ठेवलेली दारं पृष्ठभागावर येतात. आत गेलेल्या ग्लुकोजचे विकरं तुकडे करतात आणि त्यातून तयार होतं पायरुवेट. इथपर्यंत ते परत फिरू शकतं. यकृत पायरुवेटपासून पुन्हा ग्लुकोज घडवू शकतं. पण तंतुकणिकेच्या आत एक फाटक आहे, आणि त्या फाटकातून पलीकडं गेलं की परतीची वाट नाही. माणूस चरबीपासून भरघोस साखर तयार करू शकत नाही तो यामुळेच. त्या फाटकाचं नाव पायरुवेट डिहायड्रोजिनेज. मी त्याला नुसतं फाटक म्हणते.

एकदा गेलं की परत नाही, म्हटल्यावर शरीर या फाटकाबाबत फार काटकसरी आहे. समजा तुम्ही निर्जळी केलीत. मेंदूला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज हवंच. मग स्नायूंना शरीर काय सांगतं? तुम्ही आता चरबी जाळा, साखरेला हात लावू नका. सांगण्याची रीत अशी की फाटकावर फॉस्फेटचं कुलूप लावायचं. कुलूप लावणारं एक वेगळं विकर आहे, कुलूप काढणारं वेगळं. उपवासात कुलूप लावणाऱ्यांची संख्या वाढते. जेवलात, इन्सुलिन आलं की कुलूप काढणारा कामाला लागतो. किती शहाणी व्यवस्था! हजारो वर्षांच्या दुष्काळांनी शिकवलेली.

आता मधुमेहात काय होतं? इन्सुलिन कमी आहे, किंवा आहे पण पेशी त्याचं ऐकत नाही. रक्तात साखर भरपूर, आणि पेशीत कुलूप लावणारी तीच विकरं वाढलेली, जी उपवासात वाढतात. तीच! प्रयोगशाळेत उपाशी उंदराचा स्नायू आणि मधुमेही उंदराचा स्नायू शेजारी ठेवला, तर या फाटकापाशी दोघांचं चित्र सारखं दिसतं. एक उपाशी आहे म्हणून, दुसरा भरल्या ताटावर बसून.

यात आणखी एक भानगड आहे, ती कळायला घाटकोपरला जाऊ. २०१४ साली जूनमध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तुमच्यातले कितीजण तिथं संध्याकाळी सहाला गाडी बदलतात? मेट्रोची गर्दी जिन्यावरून उतरते, रेल्वेची फलाटावरून चढते, आणि दोन्ही एका पुलावर भिडतात. एका बाजूचा लोंढा मोठा झाला की दुसरी बाजू जागच्या जागी थिजते. लोक म्हणतात, आज गर्दी जास्त आहे. गर्दी रोजचीच असते, पुढं सरकायला वाट नसते.

पेशीतही दोन गर्द्या आहेत. एक साखरेची, एक चरबीची. दोघींनाही शेवटी त्याच पुलावर यायचंय. चरबीचा लोंढा आला की तिच्या जळण्यातून निघालेले पदार्थच साखरेच्या फाटकाला कुलूप लावायला मदत करतात. हे १९६३ साली फिलिप रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, त्याच केंब्रिजमध्ये, जिथं आपल्या कमलाबाई बटाटे सोलत होत्या. म्हणजे बघा, स्नायू आणि यकृत यांच्यात नको तिथं चरबी साठली, तर ती नुसती वजनकाट्यावर दिसणारी चरबी नव्हे. ती साखरेची वाट अडवणारी चरबी आहे. 'मी तर गोड खातच नाही हो' असं म्हणणाऱ्या, पण रोज फरसाणाची पुडी फोडणाऱ्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवं. ते आज मी सांगितलं.

आमच्या शेजारच्या काकू परवा कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, मी रात्री फक्त वाटीभर दूध घेते, दुसरं काही नाही, तरी सकाळी फास्टिंग एकशे साठ. मशीन बिघडलं असेल ना? मशीन ठीक होतं. मग रात्रभर साखर टाकली कुणी?

यकृतानं. साठ किलोच्या निरोगी माणसाचं यकृत रात्री तासाला सात-आठ ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडतच असतं, नाहीतर पहाटे आपण उठलोच नसतो. जेवण झालं, इन्सुलिन आलं की यकृत हे उत्पादन आवरतं. यकृतात साखर पकडून ठेवणारं एक विकर आहे, ग्लुकोकायनेज. आणि साखर घडवून बाहेर सोडणारी विकरं वेगळी आहेत. इन्सुलिनचा शब्द चालेनासा झाला की पकडणारं विकर घटतं, सोडणारी वाढतात. यकृताला वाटतं घरधनी उपाशी आहे. ते बिचारं स्नायूंतली प्रथिनं मोडून आलेला माल घेतं आणि मायेनं साखर करून वाढतं. काकूंनी दुधाची वाटीसुद्धा सोडली असती तरी यकृतानं वाढणं थांबवलं नसतं. मधुमेही माणूस भरपूर खाऊन खंगतो तो याच व्यवहारात. जुन्या वैद्यांनी वीस प्रमेह सांगितले आणि त्यांत शरीर झिजवणारा म्हणून मधुमेह वेगळा काढला. त्यांच्याकडे विकरं नव्हती, पण रोग्याकडे बघायची नजर होती.

बरं, आता दुसरा पूल. अंधेरीकर कुणी आलेत का? आलेत. मग तुम्हाला ७ नोव्हेंबर २०२२ ही तारीख मी सांगायला नको. त्या दिवशी अंधेरीच्या पूर्व-पश्चिमेला जोडणारा गोखले पूल बंद झाला. मग पूर्वेची वाहनं पश्चिमेला गेलीच नाहीत का? गेली. अंधेरी सबवेनं गेली, पार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलावरून गेली, जोगेश्वरीवरून गेली, आणि ज्या गल्लीत कधी रिक्षा शिरत नव्हती तिथं टेम्पो उभे राहिले. पूल बंद झाला एका ठिकाणी, हॉर्न वाजले सगळीकडे.

मधुमेहात डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडाची गाळणी आणि पायांच्या नसा हीच ठिकाणं का बिघडतात? शरीरात एवढ्या पेशी, मग यांनाच का? याचं उत्तर विकरांत आहे. मघाशी सांगितलं, स्नायूच्या पेशीची दारं इन्सुलिननं उघडतात. सूचना नाही, तर दार नाही. पण पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशींना ही सोय नाही. त्यांची दारं कायम उघडी. बाहेर साखर दुप्पट झाली की आतही वाढते. स्नायू दार लावून उपाशी बसतो, आणि ही पेशी दार उघडं टाकून गुदमरते. आजार एकच, दोन घरांत अगदी उलट गाऱ्हाणी.

आत शिरलेली ही सगळी साखर इलेक्ट्रॉनच्या त्या रांगेकडे लोटते. घागरी येतच राहतात, पुढचे हात मोकळे होत नाहीत, आणि पाणी सांडतं. म्हणजे इलेक्ट्रॉन मध्येच ऑक्सिजनवर सांडतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. ते पेशीच्या डीएनएला ओरखडे काढतं. डीएनए दुरुस्त करणारं एक विकर त्यामुळे जागं होतं, आणि त्याच्या दुरुस्तीच्या धामधुमीत ग्लुकोज तोडण्याच्या वाटेवरचं एक मधलं विकर जायबंदी होतं. त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला जीएपीडीएच म्हणतो. हा आपला गोखले पूल. अमेरिकेतले संशोधक मायकेल ब्राउनली यांनी हा सगळा घटनाक्रम २००४ च्या बँटिंग व्याख्यानात एका सूत्रात ओवून दाखवला. तेही एक स्मृती-व्याख्यानच, इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांच्या नावाचं.

पूल बंद, मागून साखर येतेय. मग आडवाटा. अशा चार वाटा ब्राउनली यांनी मोजल्या. मी एकच सांगते, बाकीच्या तीन तुमच्या डॉक्टर मुलांना विचारा. आल्डोज रिडक्टेज नावाचं एक विकर आहे. एरवी ते ग्लुकोजकडे ढुंकूनही बघत नाही, त्याची साखरेची भूक फार कमी. पण साखर बेसुमार झाली की तेही हात लावतं आणि सॉर्बिटॉल बनवतं. सॉर्बिटॉल पेशीबाहेर सहज जात नाही. डोळ्याच्या भिंगात ते पाणी ओढून घेतं, भिंग फुगतं, चष्म्याचा नंबर आठ दिवसांत बदलल्यासारखा वाटतो. शिवाय हे करताना ते विकर पेशीची गंजरोधक शिबंदी खर्च करून टाकतं. म्हणजे सुपरऑक्साइडनं आधीच आग लावलेली, आणि यानं पाण्याची टाकी रिकामी केली.

गोखले पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल आणि हा पूल यांची उंचीच जुळेना. अख्ख्या मुंबईनं विनोद केले. मला मात्र वर्गातला फळा आठवला. विकर आणि त्याचा रेणू यांची ठेवण जुळली नाही तर रसायनशास्त्रातही अगदी हेच होतं, फक्त तिथं विनोद करायला कुणी नसतं.

ज्या एचबीए वन सी तपासणीचे कागद आपण सगळे पाकिटात घालून फिरतो, तीही वाढलेल्या साखरेच्या याच उपद्रवाच्या नात्यातली. तिथं ग्लुकोज हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतं, कुठल्याही विकराच्या मदतीशिवाय, आपलं आपण. लाल पेशी साधारण एकशे वीस दिवस जगते, म्हणून तो आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची चुगली करतो. आदल्या दिवशी मेथीचं पाणी पिऊन त्याला फसवता येत नाही. आणि जी साखर हिमोग्लोबिनला चिकटते, ती बाकीच्या प्रथिनांनाही चिकटत असणारच ना? विकरं प्रथिनंच असतात.

आता तुम्ही विचाराल, हे जगभर सगळ्यांचं होतं, मग आपल्याकडेच एवढं का? आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात मधुमेही दहा कोटी दहा लाख, उंबरठ्यावरचे तेरा कोटी साठ लाख. सगळ्यांत वरचं प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, सव्वीस टक्क्यांहून थोडं अधिक. चारात एक.

याचं एक उत्तर पुण्याहून आलं. केईएम रुग्णालयातून. परळचं नव्हे, पुण्याचं, रास्ता पेठेतलं. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. दिसायला दोघे सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा, आतून लठ्ठ असा हा भारतीय. सदरा तोच, माप तेच, आतला माल वेगळा. घाटकोपरच्या पुलावरची ती चरबीची गर्दी आठवा. ती पोट सुटलेल्यांचीच असते असं नाही.

आणि हे जन्मापासून असतं. पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास याज्ञिकांनी १९९३ साली सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान, हडकुळी, स्नायू कमी. पण पाठीवरची, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं राखलेली. शेतात राबणाऱ्या, अर्धपोटी आयांची ही बाळं. साखर खपवायची जागा म्हणजे स्नायू, आणि तोच जन्मतः तोकडा. मग ते बाळ मोठं होऊन नालासोपाऱ्याहून अंधेरीला खुर्चीत बसायच्या नोकरीला जातं, आणि चाळिशीच्या आत 'बॉर्डरलाइन' होतं.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. निम्म्याहून अधिक आयांमध्ये बी-बारा जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात बी-बारा कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची लक्षणं अधिक. जीवनसत्त्वं काय करतात? बरीचशी विकरांची हत्यारं असतात. बी-बारा एका हत्याराचं नाव, बी-वन दुसऱ्याचं. मघाच्या आपल्या फाटकालासुद्धा बी-वन लागतं. पांढराशुभ्र होईपर्यंत सडलेला तांदूळ खाऊन होणारा बेरीबेरी म्हणजे त्या फाटकाचं बिजागर निखळणं. कोकणातल्या आपल्या आज्या हातसडीच्या तांदळाची पेज देत होत्या, त्या फाटकाला तेल घालत होत्या, फक्त त्यांना कुणी नोबेल दिलं नाही. बेरीबेरीच्या अभ्यासाबद्दल १९२९ साली आइकमन यांना मिळालं, आणि ते विभागून होतं कुणाबरोबर? कमलाबाईंच्या हॉपकिन्स यांच्याबरोबर.

इथं एक कानात सांगण्यासारखी गोष्ट. तुमच्यातले अनेकजण मेटफॉर्मिन घेत असाल. उत्तम औषध आहे. युरोपातल्या एका रानवनस्पतीच्या अभ्यासातून त्याच्या घराण्याचा माग लागला, आणि १९५७ साली पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते रुग्णांसाठी पुढं आणलं. ते यकृताचं साखर वाढणं आवरतं. कसं, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. एक मत असं की ते इलेक्ट्रॉनच्या रांगेतल्या पहिल्याच हाताला किंचित धीमं करतं, पेशीला ऊर्जेची चणचण भासते आणि ती उधळपट्टी थांबवते. पण वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींच्यात बी-बारा उतरतं. त्यातून तुम्ही शाकाहारी असाल, तर पायाला मुंग्या येतात तेव्हा त्या मधुमेहाच्या आहेत की बी-बाराच्या, हे तपासल्याशिवाय कळत नाही. गोळी बंद करू नका. डॉक्टरांना बी-बारा तपासायला सांगा.

मग त्या कुलूपबंद फाटकाला आपण आपल्या हातानं काही करू शकतो का? करू शकतो, आणि ते फुकट आहे. स्नायू आखडतो तेव्हा पेशीत कॅल्शियम सुटतं. तंतुकणिकेत गेलेलं हे कॅल्शियम कुलूप काढणाऱ्या विकराला थेट जागं करतं. शिवाय आखडणाऱ्या स्नायूची दारं इन्सुलिनची वाट न बघता पृष्ठभागावर येतात. इन्सुलिनचं न ऐकणारा स्नायू चालण्याचं ऐकतो! जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर पीपीचा म्हणजे जेवणोत्तर साखरेचा आकडा उतरतो तो यामुळे. लोक मला विचारतात, बाई, पहाटे साडेपाचला उठून जॉगर्स पार्कात गेलंच पाहिजे का? जा की, चांगलंच आहे. पण साखर रक्तात येते जेवणानंतर, आणि तेव्हा आपण काय करतो? मालिका लावतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी सरकवली आहे. सरही अशीच घंटा व्हायच्या आधी खडू खाली ठेवायचे. तेव्हा एकच मागणं. उघड्या दाराची ती पेशी डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर बसलेली असते आणि बिघडायला लागली तरी सुरुवातीला दुखत नाही, दिसायलाही काही कमी येत नाही. तुमच्यातल्या ज्या मधुमेहींनी गेल्या वर्षभरात बाहुलीत थेंब टाकून पडदा तपासून घेतलेला नाही, त्यांनी तो या आठवड्यात तपासून घ्यावा. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडदा तपासणं नव्हे. थेंब टाकल्यावर तीन-चार तास धूसर दिसतं, तेव्हा बरोबर कुणाला तरी घेऊन जा.